अंगणातील साप आणि बरणीतील बेडूक

एका पावसाळ्यात आमच्या अंगणात, नळाच्या पायथ्याशी, एक साप निघाला. लांबी हातभर, रंग तपकिरी आणि अंगावर पांढरट पट्टे. 'मण्यार, मण्यार' असा गलका झाला आणि कोणी काही विचारण्यापूर्वीच काठी पडली. शेजारी प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी तो कागदावर घेऊन दिव्याच्या उजेडात पाहिला आणि एवढेच म्हणाले, "अहो, हा कवड्या. घरातल्या पाली खाऊन राहतो. याला विष नसते." आमची मान खाली गेली.

मण्यार आणि कवड्या यांतील भेद त्यांनी तेथेच उलगडून सांगितला. मण्यारीच्या काळ्या, चकचकीत अंगावरील पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि पुष्कळदा जोडीजोडीने येतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. रंग मात्र फसवितो. खरी खूण पाठीच्या कण्यावर असते. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवल्यांची ओळ इतरांहून मोठी आणि षट्कोनी असते, कवड्याची तशी नसते. (विद्यार्थ्यांनी ही परीक्षा जिवंत सापावर करू नये, हे सांगणे नलगे!)

हे कोणी आणि कसे शोधून काढले, असे आम्ही विचारले. एका सापाकडे पाहून हे कळत नाही. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले शेकडो साप शेजारी शेजारी ठेवून, पोटावरील व पाठीवरील खवले एकेक करून मोजावे, तेव्हा कोणती खूण जातीची आणि कोणती केवळ त्या एका सापाची हे ठरते. माल्कम स्मिथ या इंग्रज वैद्याने हिंदुस्थानातील सापांवरील आपला मोठा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध केला, तो अशाच मोजदादीवर उभा आहे. असे शेकडो साप एका ठिकाणी मिळण्याची जागा म्हणजे संग्रहालय.

आमच्या भोपाळात १९९७ पासून प्रादेशिक निसर्ग-विज्ञान संग्रहालय आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांनी ते पाहिले असेल. परंतु प्रेक्षकांसाठी मांडलेली दालने वेगळी आणि अभ्यासकांसाठी राखलेला संग्रह वेगळा. अशा संग्रहाचे आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १८८३ साली आठ गृहस्थांनी ती स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले डॉक्टर होते, ही गोष्ट मराठी घरांत फारशी बोलली जात नाही. ती बोलली जावी असे आम्हांस वाटते.

अशा संग्रहात बेडूक येतो तेव्हा काय होते? प्रथम त्याच्या यकृताचा वा स्नायूचा लहानसा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. कारण पुढे त्यातील आनुवंशिक द्रव्य तपासावयाचे असते आणि फॉर्मलिन त्याची नासाडी करते. मग देह फॉर्मलिनने घट्ट करून, धुऊन, सुमारे सत्तर टक्के अल्कोहोलच्या बरणीत ठेवतात. पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधतात. नोंदवहीत तो कोठे, कोणत्या दिवशी, कोणास सापडला हे लिहितात. ही नोंद हरवली तर बरणीतील बेडूक नुसता बेडूकच उरतो. शास्त्राला त्याचा फारसा उपयोग नाही. नव्या जातीचे वर्णन ज्या एका प्राण्यावरून केले जाते, तो तर त्या नावाचा कायमचा साक्षीदार होय. उद्या वाद उत्पन्न झाला तर त्यालाच पुन्हा बाहेर काढून पाहतात.

अशा साक्षीदारांचे काम किती दीर्घकाळ चालते, पाहा. १९६३ साली सोमण या अभ्यासकाने कोयनेच्या खोऱ्यातील एका लहान भेकाचे वर्णन करून त्याला कोयनेचेच नाव दिले. पुढे सिंधुदुर्गातील आंबोलीस त्याच्यासारखाच, पण अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक आढळला. तो कोयनेचाच की निराळा? दोहोंचे देह आणि आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिल्यावर २००९ साली निर्णय झाला: जाती दोन, आणि दोघांचे कुळ जगातील इतर भेकांहून निराळे. त्या कुळास 'झँथोफ्रिन', म्हणजे पिवळा भेक, असे नाव मिळाले. आंबोलीचा हा भेक जांभ्या दगडावर साचलेल्या पावसाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याचे जग एवढेच आहे, म्हणून तो आज नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत गणला जातो. त्याच आंबोलीहून २००३ साली एका देवगांडुळाचेही वर्णन झाले. देवगांडूळ हे गांडूळ नव्हेच. ते बेडकांचे दूरचे बिनपायांचे नातलग.

आता आपल्या बाजूला या. भोपाळहून दक्षिणेस नर्मदा ओलांडली की सातपुडा लागतो. तेथे अंगावर डाग असलेली, जाड शेपटीची एक रानपाल राहते. घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. घरातली भिंतीवर चढते, हिच्या बोटांना ती चिकट गादी नसल्याने ही जमिनीवरच फिरते. ती महाविषारी आहे, अशी समजूत असल्याने ती दिसताच मारली जाते. वास्तविक तिच्यात विष नाही. इतके भय बाळगूनही लोकांना, आणि शास्त्रालाही, ती स्वतंत्र जात आहे हे ठाऊक नव्हते. ते कळले २०१४ साली, आणि तिच्या नावात सातपुडा आला. ज्या प्राण्याला आपण पिढ्यानुपिढ्या मारीत आलो, त्याला नाव मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले!

या बरण्यांचे एक दुर्दैव असे, की ज्या अल्कोहोलमुळे देह शतकभर टिकतो, तेच ठिणगी पडताच पेट घेते. २०१० साली ब्राझीलमधील साव पावलो येथील बुटांटान संस्थेला आग लागली आणि सापांचे सुमारे ८०,००० नमुने एका दिवसात गेले. जगातील सापांचा एवढा मोठा संग्रह क्वचितच दुसरीकडे होता. २६ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-विज्ञान संग्रहालय जळाले. भोपाळचे संग्रहालय त्याचेच धाकटे भावंड. इमारत पुन्हा बांधता येते. परंतु ज्या डोंगरावर आज वस्ती उभी राहिली, तेथला साठ वर्षांपूर्वीचा बेडूक पुन्हा कोठून आणावयाचा? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संरक्षित प्राणी परवानगीवाचून गोळा करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून जुनी बरणी अधिकच मोलाची.

आमच्या कवड्याची तारीख, लांबी आणि नळाजवळची जागा घरातील मुलांनी वहीत लिहून ठेवली. प्राध्यापक दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन खवले मोजण्यास येणार होते आणि मुले त्यासाठी पहाटेच उठून बसली होती. परंतु रात्रभर कागद ओसरीवर उघडा राहिला, आणि मुंग्यांनी आपले काम आधीच उरकले होते.