अजून एक मासा घेऊ ना!

वार्षिक परीक्षा संपली की घरोघर फिश टँकचा विषय निघतो. कुत्रं नको, मांजर नको, मग निदान मासे तरी, अशी तडजोड होते आणि सगळं घर दुकानात पोचतं. मूल काचेला नाक लावून बोट दाखवत सुटतं. हा घेऊ, हापण घेऊ, तो काळा तर हवाच! दुकानदार जाळी घेऊन तयारच असतो. आपल्यालाही वाटतं, थोड्या पैशांचा तर प्रश्न, कशाला मन मोडायचं?

पालकहो, इथेच जरा थांबा. हा हट्ट पुरवण्याजोगा नाही.

घरातली नेहमीची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. मुलाच्या हातात टेप द्या आणि घनफळ त्यालाच काढू द्या. ६० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ५४ लिटर. तळाची खडी आणि वर सोडलेली जागा वजा करा, पाणी उरतं जेमतेम ४५ लिटर. शौकीन मंडळींचा ढोबळ हिशेब असा, की साधारण चार लिटर पाण्याला एक इंच मासा. शेपटी मोजायची नाही, आणि मासा आज केवढा आहे ते न बघता पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते धरायचं. या हिशेबाने तुमच्या पेटीत अकरा इंच मासे बसतात. सहा झेब्रा घ्या, नाहीतर सात-आठ गप्पी. गप्पी घेतले तर सगळे नरच घ्या, कारण मादी महिन्या-महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, आणि एकदा नराशी संबंध आला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते.

हा हिशेब लहान माशांपुरताच खरा. दुकानातला दोन इंची गोल्डफिश हे बाळ असतं. ते सहा इंचांचं झालं की लांबी तिप्पट झाली, पण रुंदी आणि जाडीही तिप्पट, म्हणजे वजन सत्तावीस पट! त्या मापाने खाणं आणि घाणही वाढते. दोन फुटी पेटीत गोल्डफिश ठेवूच नका. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायला कुणी सांगितलं असेल, तर श्रद्धेचा मान राखून एवढंच म्हणते, की हा आकडा सांगणाऱ्याने तुमच्या पेटीचं माप विचारलेलं नाही.

पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसतं, मग दोन जास्त झाले म्हणून काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते दिसत नाही. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया होतो. तो रंगहीन असतो आणि माशांना विष असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू विकत घेतलेल्या पेटीबरोबर येत नाहीत. त्यांचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की आठवड्याभरात एकेक उलटा तरंगायला लागतो, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’ लाभतात हो! आधी दोन सोडा, बाकीचे महिन्याभराने आणा.

रविवारी पेटी रिकामी करून सगळं नळाखाली लख्ख धुणारे बाबाही मी पाहिलेत. नळातल्या क्लोरीनने ते जिवाणूच मरतात, आणि सोमवारी नव्याने सुरुवात. त्यापेक्षा दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच ओता आणि स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका. मुलांच्या हातून ते नेहमी जास्त पडतं, तेव्हा डबी वरच्या फळीवर ठेवलेली बरी.

त्यात आपण पेटी आणतो ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. वीज गेली की पंपही बंद. अशा वेळी गर्दीच्या पेटीतले मासे वर येऊन तोंडं वासतात. मोजके असतील तर तग धरतात.

फायटर हवा असेल तर नर एकटाच ठेवा, पण काचेच्या गोल भांड्यात नको. रोमने तर २००५ मध्ये अशा भांड्यांवर बंदीच घातली. ‘काच साफ ठेवतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभराच्या वर वाढतो. मग लोक तो नदीत किंवा तळ्यात सोडून मोकळे होतात, आणि तो तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतो. तो घेऊच नका.

मासा मेला की मूल शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा आणून टाकणारे पालक पुष्कळ आहेत. कृपा करून हे करू नका. मुलाला मासा मेलेला कळू द्या आणि का मेला असेल ते त्याच्याबरोबर शोधा. गप्पीच्या नरांत प्रत्येकाची शेपटी निराळी असते. सात असतील तर मूल सातही ओळखतं, नावंसुद्धा ठेवतं. पंचवीस असले तर एखादा कमी झालेला त्याला कळतही नाही.

तेव्हा दुकानात जायच्या आधी घरीच मुलाबरोबर आकडा ठरवा, कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या आणि तो कागद बरोबर न्या. ‘अजून एक घेऊ ना’ हे येणारच. तेव्हा कागद दाखवा, आणि दुकानदाराला जाळी खाली ठेवायला सांगा.