जुना पॉवर टिलर : पारख, दुरुस्ती आणि हिशेब

लेथ, वेल्डिंग, डिझेल पंप यांची कामे करणारे कारागीर आपल्यात पुष्कळ आहेत. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाची बेअरिंगे आणि पट्टे बदलणारा फिटर नुसता हात लावून जे ओळखतो, ते पुस्तकात सापडत नाही. अशा हुन्नरी हातांसाठी एक जोडधंदा येथे मांडावयाचा आहे. जुने पॉवर टिलर विकत घ्यावेत, नीट उभे करावेत आणि विकावेत किंवा भाड्याने चालवावेत. आमचा धंदा कापडाचा. पण जुन्या मालाची पारख आणि भांडवलाचा हिशेब कापडात आणि लोखंडात फारसा वेगळा नसतो.

पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचा, मागे चालत हाकावयाचा छोटा ट्रॅक्टर. कोकणातील भातखाचरे इतकी लहान असतात की मोठा ट्रॅक्टर तेथे वळतच नाही. चिखलणीला आणि आंबा-काजूच्या बागेतील गवत मोडण्याला हेच यंत्र उपयोगी पडते. केरळ सरकारची कॅमको ही कंपनी १९७३ साली निघाली, तिने जपानच्या कुबोटाची धाटणी घेतली, बंगळूरची व्ही. एस. टी. १९६७ पासूनची, तिची भागीदारी मित्सुबिशीशी होती. अशा चालू कंपन्यांचे जुने यंत्र घेतले तर सुटे भाग मिळण्याची आशा असते. जुलै २०२० मध्ये सरकारने पॉवर टिलरच्या आयातीवर निर्बंध आणले. त्याआधी आलेले चिनी यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर आधी आपल्या बाजारातील दुकानदाराला विचारा की याचा लायनर आणि गिअर मिळतो का. मिळत नसेल तर ते यंत्र नव्हे, भंगार आहे, आणि भंगाराच्याच भावाने घ्यावे.

जुने यंत्र जपण्याची रीत पाहावयाची तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे घराभोवतीचे गवत कापण्यासाठी छोटे ट्रॅक्टर असतात. कब कॅडेट हा १९६१ चा आणि जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा नमुना, पण हौशी लोक ते आजही दुरुस्त करून चालवितात. याचे कारण त्यांतले कोहलर इंजिन. त्याचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा. झिजला की लेथवर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो. टिलरच्या डिझेल इंजिनात बोअर करण्याऐवजी लायनर बदलता येतो. म्हणजे त्याचाही दुसरा जन्म होतो, फक्त पारख हवी.

आता पारखीकडे वळू. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर प्रथम इंजिनाला हात लावा. गरम लागले तर समजा की काही लपविले जात आहे, कारण थंड इंजिन सुरू होण्यातच त्याची खरी तब्येत कळते. हँडल मारताना डीकॉम्प्रेशनची कळ सोडल्यावर हाताला जोर जाणवला पाहिजे. चालू झाल्यावर धूर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगा किंवा लायनर गेला. काळा म्हणजे एअर फिल्टर तुंबला किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. हे दुखणे स्वस्तातले. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. नंतर गिअरबॉक्सचे ऑइल थोडे काढून बोटावर घ्या. ताकासारखे पांढरट दिसले तर चिखलाचे पाणी सीलमधून आत गेले आहे, आणि बेअरिंगेही बदलावी लागतील असे धरूनच भाव करा. आम्ही थान पूर्ण उलगडल्याशिवाय घेत नाही. घडीच्या आतच डाग असतो.

कागदही पाहा. इंजिन आणि चेसिसचा नंबर बिलाशी जुळवा. यंत्र सरकारी अनुदानावर घेतलेले असेल तर ठराविक मुदतीपर्यंत न विकण्याची अट असू शकते, म्हणून कृषी खात्याच्या कार्यालयात विचारून मगच पैसे द्या.

दुरुस्तीत घाई करणारे कारागीर एकच गोष्ट करतात : जुन्या लायनरमध्ये नव्या रिंगा घालतात. लायनर वरच्या बाजूला, जेथे वरची रिंग येऊन थांबते तेथे, जास्त झिजतो. मध्ये एक माप आणि वर दुसरे माप आले तर नवी रिंग तेथे बसणारच नाही, आणि एका हंगामात गिऱ्हाईक परत दारात उभे राहील. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली मापून घ्या. माप पुस्तकातील मर्यादेबाहेर असेल तर लायनर, पिस्टन आणि रिंगा एकत्रच बदला. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा नव्याच घाला, नाहीतर पाणी ऑइलमध्ये उतरेल. हेडचे नट टॉर्क पान्यानेच, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ हे येथे चालत नाही.

इंजेक्टर पंपवाल्याकडे तपासून घ्या. फवारा पाहताना बोट पुढे धरू नका. इतक्या दाबाचे डिझेल कातडीच्या आत घुसते आणि हात कायमचा जाऊ शकतो. फवाऱ्याचे डिझेल आत गेलेच तर जखम बारीक दिसली तरी त्याच तासाला इस्पितळ गाठावे.

पट्ट्यांचे काम यंत्रमागवाल्यांना शिकवायला नको. व्ही-पट्टे तीन असतील तर तिन्ही एकाच जोडीचे घ्या. एक नवा आणि दोन जुने ठेवले की सारा भार नव्यावर येतो. दोन्ही पुलींवर दोरा ताणून रेषा पाहा आणि जाळीचे झाकण परत बसविल्याशिवाय यंत्र बाहेर देऊ नका. रोटरच्या पात्यांत डावे-उजवे असते. अदलाबदल झाली तर यंत्र हातात नाचते. पात्यांचे बोल्ट चांगल्या जातीचे घ्या आणि तासभर चालवून पुन्हा आवळा.

चालविणाऱ्याला हेही सांगा. सपाटीवर डावी कळ दाबली की टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र उलटे घडते : डावीकडची कळ दाबली की ते चाक मोकळे होऊन जोरात धावते आणि यंत्र उजवीकडे जाते. कोकणात बांध आणि उतार पावलोपावली आहेत. घाबरून कळ दाबणारा नवा माणूस थेट बांधाखाली जातो. उतारावर कमी गिअर ठेवावा आणि हँडल हातांनी वळवावे. रोटर फिरत असताना रिव्हर्स घेण्याची तर सक्त मनाईच करा, कारण पाती मागच्या माणसाच्या पायाशी असतात.

हिशेबाचा एक नमुना देतो. आकडे धरलेले आहेत, आपण आपल्या गावचे घालावेत. समजा यंत्र ४०,००० ला घेतले, सामान २२,००० चे, लेथ आणि पंपवाला ८,०००, आपली मजुरी १२ दिवसांची, रोज ६०० प्रमाणे ७,२००. एकूण ७७,२०० रुपये. बरेच कारागीर आपली मजुरी धरतच नाहीत आणि त्यालाच नफा समजतात. ९०,००० ला विकले तर खरा नफा १२,८००.

भाड्याने लावल्यास समजा ताशी ५०० मिळतात. दीड लिटर डिझेलचे १३५, चालकाचे १००, पाती-पट्ट्यांसाठी बाजूला ८०, उरले १८५. या दराने मुद्दल फिटायला सुमारे ४१७ तास लागतात. रोज ६ तास धरले तर ७० दिवस. चिखलणी जून-जुलैत महिनाभरच चालते, म्हणजे एका हंगामात पैसे निघणार नाहीत. उन्हाळी भात, बागा, ट्रॉली अशी दुसरी कामे हाताशी असतील तरच या वाटेने जावे. नाहीतर विकणे बरे. खरेदी लावणी आटोपल्यावर करावी, तेव्हा यंत्र अंगणात पडून असते आणि भाव नरम असतो. विक्री एप्रिल-मेमध्ये. मधले महिने दुरुस्तीचे. भांडवल इतके महिने अडकून राहते, म्हणून पहिल्या वर्षी एकच यंत्र घ्यावे. विकताना जे बदलले नाही तेही बिलावर लिहून द्यावे. ऐब सांगून विकलेल्या मालावर भांडण होत नाही, आणि त्याच गावातून दुसरे गिऱ्हाईक येते.

विक्रीपर्यंत यंत्र उभे ठेवायचे तर पाणी काढून टाका. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दव धरून गंज येणार नाही. पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून थांबवा. त्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओली हवा सिलिंडरमध्ये जात नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, आणि गिऱ्हाईकाला दाखविण्यापूर्वी तो काढायला विसरू नका.