न खेळलेल्या खेळांचा हिशेब

पूर्वीं घरांत खेळ म्हणजे सोंगट्यांचा एक पट, बुद्धिबळाचा एक डाव, फार झालें तर सावंतवाडीकडील गंजिफा. दशावतारी गंजिफाचीं पानें एकशेंवीस. तेवढीं एकदां घरांत आलीं कीं वर्षानुवर्षें पुरत. हा खेळ संपला असें कोणी म्हणत नसे, आणि तो खेळावयाचा राहून गेला अशी खंतहि कोणास वाटत नसे. व्हिडिओ गेमची गोष्ट निराळी आहे. त्यांतील पुष्कळसे खेळ कादंबरीसारखे आहेत. त्यांस आरंभ आहे, शेवट आहे, आणि मधल्या वाटेस किती तास लागतील याचा अंदाज आधीं बांधतां येतो. म्हणूनच ते साठतात. विकत घेतलेले, परंतु एकदांहि न उघडलेले खेळ ज्यांच्या खात्यावर पडून आहेत असे विद्यार्थी शहरांत तर आहेतच. महाडहून रायगडास जातांना लागणाऱ्या आमच्या नाते गांवासारख्या ठिकाणींहि ते आढळतील. ही रास उपसावी कशी, एवढाच आजचा विषय आहे.

रास होते कशी तें आधीं पाहूं. 'स्टीम' नांवाची खेळांची पेढी २००३ सालीं संगणकावर उघडली. तेथें उन्हाळ्यांत, शरदांत आणि हिवाळ्यांत मोठे सवलतीचे दिवस येतात, व हजार रुपयांचा खेळ त्या दिवसांत दोनतीनशें रुपयांसहि मिळून जातो. 'एपिक' ही दुसरी पेढी २०१८ च्या अखेरीस निघाली. ती तर ठराविक दिवशीं कांहीं खेळ फुकटच देते. पुस्तक घेतलें तर तें फळीवर जागा अडवितें आणि घरच्यांच्या डोळ्यांस दिसतें. या खेळांस जागा लागत नाहीं, म्हणून त्यांची गर्दी कोणास खुपत नाहीं. आमच्या मतें अशा वेळीं विद्यार्थी खेळ घेतच नाहीं. पुढें केव्हां तरी आपणांस मोकळा वेळ मिळेल ही आशा तो विकत घेतो. आशा स्वस्त मिळाली तरी वेळ कोणत्याहि पेढीवर मिळत नाहीं.

आपल्या नाते गांवांत १४ जानेवारी १८९६ रोजीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. त्यांच्या गांवच्या मुलांनीं तरी हिशेबास भिऊं नये. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा लूकच्या शुभवर्तमानांतील दाखला आपण प्रार्थनेच्या तासास ऐकलेला आहे. येथें खर्च रुपयांचा नसून तासांचा आहे.

समजा, एका विद्यार्थ्याजवळ चाळीस खेळ पडून आहेत आणि प्रत्येकास सरासरीनें पंधरा तास लागतात. एकूण सहाशें तास झाले. शाळेच्या दिवशीं खेळावयाचें नाहीं. शनिवारीं व रविवारीं दोन दोन तास, म्हणजे आठवड्यास चार. परीक्षेचे दहा आठवडे वगळून वर्षाचे बेचाळीस आठवडे धरले तर वर्षास एकशें अडुसष्ट तास हातीं येतात. सहाशें तासांस साडेतीन वर्षें लागतील. हें ऐकून पुष्कळांस हायसें वाटतें. परंतु सवलतीच्या दिवसांत तो वर्षाकांठीं आणखी दहा खेळ घेत असेल, तर दीडशें तासांची नवी भर पडते. मग मूळ राशींतून वर्षास अठराच तास कमी होतात, आणि ती उपसावयास तेहतीस वर्षांहून अधिक काळ हवा! सावकाराच्या वहींत व्याज फेडतां फेडतां मुद्दल तसेंच राहतें, तसा हा प्रकार आहे. म्हणून पहिला उपाय खेळण्याचा नव्हेच, तर घेणें थांबविण्याचा आहे. सवलत चुकली तर नुकसान काय? चारसहा महिन्यांत तीच सवलत बहुधा पुन्हां येते.

दुसरा उपाय टाकून देण्याचा, आणि हाच मनास अवघड जातो. पैसे दिले आहेत तर खेळलेंच पाहिजे, असें मन म्हणतें. वास्तविक पैसे गेले ते गेलेच. न आवडणारा खेळ रेटून ते परत येत नाहींत, उलट वर तीस तास जातात. नवा खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आंत, व दोन तासांहून कमी खेळला असल्यास, स्टीमची पेढी मागितल्यावर पैसे परत करते. हा नियम २०१५ पासून आहे. त्यांतील दोन तासांचें माप जुन्या राशीसहि लावावें. तेवढ्यांत खेळानें मन धरलें नाहीं तर त्याचें नांव यादींतून खोडावें. आकारहि पाहावा. 'रेड डेड रिडेम्पशन २' या खेळास संगणकावर दीडशें जीबी जागा लागते. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइलच्या जोडणीवर तो उतरवून घेण्यास अडीच महिने जातील, आणि त्या काळांत दुसरें कांहींच पाहतां येणार नाहीं.

उरलेल्यांतून प्रथम लहान खेळ घ्यावे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' मंडळीनें २०२० सालीं काढलेला 'राजी' याचें उत्तम उदाहरण आहे. भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती गोष्ट दोनतीन बैठकींत पुरी होते. मोठा खेळ मात्र एका वेळीं एकच चालू असावा. 'द विचर ३' (२०१५) ची मुख्य कथाच सुमारें पन्नास तासांची आहे. तो मध्येंच दोन महिने सोडला तर कथा विसरते, बोटांची संवयहि मोडते, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणजे वीस तास दोनदां खर्ची पडले. मोबाइलवरील ज्या लढायांस शेवटच नसतो त्या या राशींत धरूं नयेत. पण त्या शनिवारचे दोन तास गिळतात, म्हणून त्यांचाहि खर्च त्याच वहींत लिहावा.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. असा खेळ आपल्या मालकीचा नसतो; आपणांस तो खेळण्याची परवानगी तेवढी मिळते. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ सालीं निघाला, आणि ३१ मार्च २०२४ नंतर त्याचे सर्व्हर बंद झाल्यामुळें तो पैसे देऊन घेणाऱ्यांसहि उघडेना. ज्यांनीं तो पुढें कधीं तरी खेळूं म्हणून ठेविला होता त्यांस तो एकदांहि दिसला नाहीं. यास्तव ज्या खेळांस नेहमीं इंटरनेट लागतें ते यादींत वर घ्यावे, आणि एकदां उतरविल्यावर जोडणीवांचून चालणारे पावसाळ्यासाठीं राखावे.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्यानें अशी यादी केली, नवी खरेदी थांबविली, आणि खोडाखोड होऊन चाळिसांपैकीं बावीस खेळांचे दोनशें चाळीस तास उरले, असें धरूं. जूनमध्यें शाळेबरोबर आरंभ केल्यास पुढच्या जूनपर्यंत त्यांतले एकशें अडुसष्ट तास होतील. उरलेल्या बहात्तर तासांस अठरा आठवडे पुरतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं वही कोरी होईल.