गोठा आणि शेत : राखेच्या बुधवारापासून धूळवाफ पेरणीपर्यंत



मसूर-हरभऱ्याची मळणी आटोपली, पिंजराच्या गंज्या उभ्या राहिल्या, की आपल्या खानापूर-बेळगाव भागात शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. जत्रा, लग्नसराई, पाहुणेरावळे यांत हे दिवस कसे सरतात ते कळत नाही. पण मे महिन्यात धूळवाफ पेरणीला कोणाच्या दावणीला धडधाकट जनावर असेल, हे या दोन-तीन महिन्यांतच ठरते. उपवासकाळात आपण आत्म्याची झाडलोट करतो. त्याच दिवसांत गोठ्याचीही करावी. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान मनुष्याची एक खूण सांगितली आहे : तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो.

पाठ पहिला : लस

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका घरी लस टोचणारे आले असता घरधन्याने त्यांना दारातूनच परत लावले. "टोचले की म्हैस दूध कमी करते," हे कारण. आम्ही तेव्हा घरभेटीसाठी त्याच ओटीवर बसलो होतो आणि गप्प राहिलो. पुढे लाळ्या-खुरकूत आला. बैल मेला नाही, पण मे महिन्यात तासभर औताला चालला की तोंड वासून धापू लागे. ही खोड त्या रोगाने मागे ठेवलेली असते. बरे झालेले जनावर पुष्कळदा ऊन सोसत नाही. त्या वर्षी भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी घरातल्या बाईचे दागिने गहाण पडले. आमच्या गप्प राहण्याची आठवण म्हणून हा पाठ प्रथम लिहीत आहोत.

लस टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडे घटते, हे खरे आहे. पण रोग आला तर पूर्ण वेताचे दूध जाते. लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, आणि महिन्याने दुसरी मात्रा द्यावी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून ही लस मोफत मिळते. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, उरकाव्यात. दोन लसींत किती दिवस सोडावेत ते पशुवैद्यांना विचारून घ्यावे.

पाठ दुसरा : गाभडलेली गाय आणि घरातला ताप

गाय-म्हैस दिवस भरण्याआधी गाभडली, की आपण दृष्ट लागली म्हणतो. पुष्कळदा ते ब्रुसेला नावाच्या जंतूचे काम असते, आणि हा जंतू माणसालाही लागतो. वार अडकली म्हणून उघड्या हाताने ओढणारा, गोठा झाडणारी, कच्चे दूध पिणारे मूल, या सर्वांना धोका असतो. ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, सांधे व कंबर दुखते. टायफॉइड किंवा मलेरिया समजून महिनोन्‌महिने भलतेच औषध चालते. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर 'घरी जनावरे आहेत, एक गाभडली होती,' हे न विचारता सांगावे. रोग बरा होतो, पण औषध साधारण सहा आठवडे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

वार ओढण्याचे काम पशुवैद्यांवर सोपवावे. पडलेली वार व मेलेले वासरू उघड्या हाताने न उचलता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. कुत्र्यांपुढे टाकू नये. दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व रेड्यांना, म्हणजे मादी वासरांनाच, ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा टोचून घ्यावी.

पाठ तिसरा : रानातला पालापाचोळा

गोठ्यात अंथरायला आपण याच दिवसांत रानातून पाला आणतो. त्यात गोचिडीची बारीक पिल्ले असतात. माकडतापाचा विषाणू त्यांच्या चाव्यातून माणसाला लागतो. हा ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत व २०१६ मध्ये दोडामार्गात तो आला. आपले रान त्या रानाला लागूनच आहे. पाला आणायला व काजू वेचायला जाताना अंगभर कपडे घालावेत, घरी आल्याबरोबर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात धुवावेत. रानात माकड मेलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. त्या भागातला पाला आणू नये. अचानक जोराचा ताप व अंगदुखी सुरू झाल्यास अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस न घालवता दवाखाना गाठावा.

पाठ चौथा : वैरण आणि खत

नुसत्या पिंजराने पोट भरते, अंग भरत नाही. १०० किलो पिंजरासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. पिंजराचा थर पसरून त्यावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे, थर तुडवावा, मग दुसरा थर घालावा. शेवटी प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावे. खायला घालण्यापूर्वी तासभर मोकळ्या हवेत पसरावे आणि थोड्यापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालील वासरांना ही वैरण देऊ नये. युरियाची पिशवी व द्रावण जनावरांपासून दूर ठेवावे, कारण युरिया तसाच पोटात गेल्यास विष होतो. गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून लांब रचावी.

शेणखत उन्हात महिनाभर ढीग करून सोडल्यास त्यातील नत्र उडून जाते. वळवाचा पहिला पाऊस पडला की खत विसकटून लगेच नांगरटीत मिसळावे, आणि उतार असेल तेथे नांगर आडवा चालवावा.

१५ मे रोजी संत इसिदोर शेतकरी यांचा सण येतो. १६२२ मध्ये संतपदी चढवले गेलेले हे माद्रिदचे मजूर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरीत. त्या दिवशी मिस्सेला बियाणे आशीर्वादासाठी आणाल, तेव्हा पुढील प्रश्नांची उत्तरेही बरोबर आणावीत. वस्तीच्या प्रार्थनासभेत ती आधी एकमेकांना विचारावीत.

१. आमच्या गोठ्यातील प्रत्येक जनावराला शेवटची लस कोणत्या महिन्यात टोचली?
२. आमच्या घरात कच्चे दूध कोणी पितो का?
३. शेजाऱ्याने लस नाकारली, तेव्हा आम्ही बोललो की गप्प राहिलो?

तिसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर वर दिलेच आहे. आता आपले द्यावे.