आघोटीच्या कामांत वादळाची तजवीज

कोकणच्या किनाऱ्यावरील बागायतदारांत पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत रूढ आहे, ती अशी की, चक्री वादळ हे ओडिशा-आंध्राच्या मुलखातले अरिष्ट असून आपल्या वाट्याला फार तर नैर्ऋत्येचा पावसाळी वारा, चार कौले आणि दोन माड एवढेच नुकसान येते. ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. बंगालच्या उपसागरात चार वादळे उठावीत तेव्हा अरबी समुद्रात एखादे उठावे, असेच प्रमाण दीर्घकाळ राहिले असून, जी उठतात त्यांतील बरीचशी ओमान किंवा गुजरातची वाट धरतात. परंतु क्वचित घडणारी गोष्ट आणि कधीही न घडणारी गोष्ट यांतील भेद जो विसरला, त्याला त्याची किंमत आपल्या आगरात मोजावी लागते.

१९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला वादळाने झोडपले होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्री वादळ मुंबई आणि अलिबाग यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांसह भूमीवर आले. आणि त्याला वर्षही पुरते लोटले नव्हते तोच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेकडे सरकत, झाडावर उरलेला हापूस झोडपून पुढे गुजरातेत गेले. उलटपक्षी, १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत लाखभर माणसे वादळात दगावल्याची जी कथा अनेक ठिकाणी छापलेली आढळते, तिला तत्कालीन दप्तरांत वा वृत्तपत्रांत आधार सापडत नाही. भय फुगविणाऱ्या कहाणीवर विसंबणे आणि निर्धास्त राहणे, या दोन्हींपासून शेतकऱ्याने सारखेच दूर राहावे.

कित्येक जण टोर्नेडोविषयी विचारतात, म्हणून दोन शब्द. गर्जणाऱ्या ढगाच्या तळापासून सोंडेसारखी खाली लोंबून भूमीला टेकणारी ती वावटळ आकाराने लहान व आयुष्याने अल्प असते, मात्र तिच्या वाटेत येणारे काहीच उभे राहत नाही. आपल्या उपखंडात तिचे क्षेत्र मुख्यतः बंगाल, बांगलादेश आणि ओडिशा हे होय. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-सातुरिया भागात तिने सुमारे १३०० माणसांचे प्राण घेतले. कोकणात ती अत्यंत विरळ, आणि तिच्यासाठी बागेत वेगळी तजवीज करता येण्याजोगीही नाही. आपली खरी काळजी चक्री वादळाची, आणि वैशाखातील वळिवाबरोबर येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याची.

चक्री वादळांचे दोन हंगाम आहेत : पावसाळ्याच्या तोंडाशी एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. भर पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेचे आणि उंचावरचे प्रबल वारे दुसऱ्या दिशेचे असल्यामुळे वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. समुद्राचे पाणी साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले की वादळाला पोषण मिळते. अरबी समुद्र अलीकडच्या दशकांत अधिकाधिक तापत आहे, आणि एकट्या २०१९ सालात त्याने पाच चक्री वादळे दाखविली.

आता एक गोष्ट बागायतदाराने नीट मनात धरावी, कारण आपल्या वाडीची सारी रचना तिच्या विरुद्ध आहे. सुरूची बने, उंडीच्या रांगा, पश्चिमेचा उंच गडगा, हे सारे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी उभारलेले असते. पण आपल्या गोलार्धात वादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर येणारे वादळ प्रथम जमिनीकडून, म्हणजे पाठीमागून, वार करते. केंद्र माथ्यावरून जात असेल तर मध्येच वारा पडतो, आकाश उजळल्यासारखे दिसते, आणि माणसे आंबे गोळा करायला बाहेर पडतात. तोच समुद्राकडून दुसरी फेरी येते. वादळ पूर्ण सरले असे अधिकृतपणे कळेपर्यंत कोणीही घराबाहेर पाऊल टाकू नये. आणि कलमांना व केळींना बांबूचे टेकू द्यायचे ते एका अंगाने नव्हे, दोन्ही अंगांनी द्यावेत.

हवामान खात्याची पूर्वसूचना साधारणतः ७२ तास आधी सुरू होते, आणि बंदरावर चढणारा बावटा पाहून कोळी बांधव नौका ओढतात, तसा बागायतदारानेही त्याच दिवशी हात चालवावा. चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने उतरवून घ्यावा. माडावरचे पक्व नारळ व वाळकी झापे काढावीत, परंतु वारा लागू नये म्हणून हिरवी झापे सरसकट छाटण्याचा मोह टाळावा. खत आणि फवारणी थांबवावी. पाट व चर मोकळे करावेत. खाजणाच्या शेतात खारबांधाची खांडे बुजवावीत आणि उघाडीची झडप पाहावी. उधाणाचे पाणी आत शिरलेच तर ओहोटीला ते बाहेर काढून पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन धुऊन घ्यावी, आणि भाताची पेरणी तोवर थांबवावी.

वादळानंतरची कामे अधिक नाजूक. उन्मळलेले तरुण कलम दोन-चार दिवसांत, फांद्या हलक्या करून, मुळांवर माती ओढून उभे केले तर बहुधा जगते. मोडलेल्या फांद्या करवतीने गुळगुळीत कापून जखमांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावावी. माड आणि पोफळ यांना मात्र एकच कोंब असतो. शेंडा तुटलेल्या झाडावर आशा ठेवणे व्यर्थ आहे. आडवे पडलेले खोड बागेत कुजू देणे तर घातकच, कारण त्यात गेंड्या भुंगा वाढतो, आणि ओल्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा धावून येतो. उभे राहिलेले माड मग तो पोखरतो. माडांची सावली गेल्याने उघड्या पडलेल्या पोफळींच्या खोडांना दुपारच्या उन्हाचे चट्टे पडून ती पुढे तडकतात, म्हणून त्यांच्या नैर्ऋत्य अंगाला झापे बांधावीत. ‘निसर्गा’नंतर श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या आगरांत ही काळजी विशेष अगत्याची होती, कारण नवी पोफळ फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात, तेव्हा वाचलेले प्रत्येक झाड मोलाचे असते.

उरला प्रश्न पंचनाम्याचा. २०२० मध्ये बागायतीस हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर झाली, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. पाच-दहा गुंठ्यांत माड, पोफळ आणि मिरवेल एकत्र नांदणाऱ्या आगरांना तो हिशेब अन्यायाचा वाटला, आणि तो होताही. झाडनिहाय मदतीचा निर्णय पुढे झाला, पण त्यासाठी झाडे किती होती हे दाखवावे लागते. म्हणून वैशाखातच आपल्या वाडीतील प्रत्येक जातीच्या झाडांची मोजदाद करावी, सातबाऱ्यावर त्यांची नोंद आहे की नाही हे तलाठ्याकडून तपासून घ्यावे, ई-पीक पाहणीत ती चढवावी, बागेची तारखेसह छायाचित्रे घेऊन त्यांची एक प्रत गावाबाहेरच्या नातलगाकडे ठेवावी, आणि वादळानंतर पंचनामा होईपर्यंत पडलेल्या झाडाला कुऱ्हाड लावू नये. वाट अडली असल्यास किंवा कलम तातडीने उभे करायचे असल्यास आधी छायाचित्र घ्यावे, मगच कापावे.