पाऊस तोच, वेळ वेगळी

निपाणीहून पूर्वेला अथणीकडे जावे तसा पाऊस कमी होतो, आणि तिकडे त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. एक इंच पाऊस म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी. मे महिन्यातला वळीव काळ्या रानाच्या भेगांत मुरतो; ओढा भरला नाही म्हणून हळहळू नये. तोच इंच उत्तरा-हस्तात पडला, की माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, रान आधीच भिजलेले असते. मग पाणी मातीसकट वाहून जाते. नेमक्या याच ओलीवर शाळू थंडीत वाढायचा असतो! म्हणून आम्ही सुचवतो, मृगाआधी पाहिलेले बांध उत्तरा लागण्यापूर्वी पुन्हा पाहावेत, फुटलेले सांधावेत, आणि कुळव उताराला आडवाच चालवावा.