फियाटला पाचवा गिअर बसेल का?

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९६९ ची फियाट ११०० डिलाइट आमच्याकडे आहे. इंजिनचं काम नुकतंच करून घेतलं, ते ठणठणीत आहे. पण गिअर स्टिअरिंगवर आणि तेही चारच. घोडबंदर रोडला ऐंशीच्या पुढे गेलं की इंजिन केकाटतं. हल्लीच्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स याच इंजिनाला लावता येईल का? मेकॅनिक म्हणतो, 'होऊन जाईल, सोडून जा गाडी.'
– एक वाचक, राई (भाईंदर पश्चिम)

उत्तर : लावता येतो. पण गाडी सोडून लगेच येऊ नका.

आधी कोणता गिअरबॉक्स चालणारच नाही ते सांगतो. आल्टो, स्विफ्ट, आय-टेन या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात. तुमच्या फियाटचं इंजिन उभं, मागे गिअरबॉक्स, त्यामागे प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी मागचा अ‍ॅक्सल. म्हणजे भंगारात ढिगाने मिळणारे बहुतेक गिअरबॉक्स इथेच बाद झाले.

उरतात थोडे. मारुती जिप्सी किंगचा पाच गिअरचा बॉक्स त्यातल्या त्यात सोयीचा. जिप्सी फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी तिचा ट्रान्सफर केस वेगळा, मध्ये छोटा शाफ्ट देऊन जोडलेला असतो. त्यामुळे नुसता गिअरबॉक्स काढून साध्या मागच्या चाकांच्या गाडीत वापरता येतो. ओम्नीचं इंजिन सीटखाली कलतं बसवलेलं, म्हणून तिचा बॉक्स सरळ इंजिनाला लावताना कटकट जास्त. इसुझू इंजिनवाल्या अ‍ॅम्बेसेडरचा पाच गिअरचा बॉक्स दणकट आहे, पण तुमच्या १०८९ सीसीच्या मानाने जड. ताकदीची मात्र कुठेच चिंता नको. सुमारे चाळीस अश्वशक्तीचं हे इंजिन यातला एकही बॉक्स फोडू शकणार नाही.

इंग्लंडमध्ये हा उद्योग चांगला रुळलेला आहे. मॉरिस मायनरला फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स लावायचे तयार संच तिथे विकत मिळतात. आपल्याकडे फियाटसाठी प्रत्येक तुकडा लेथवर करून घ्यावा लागतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत असं काम करणारे हात आहेत. प्रश्न मापांचा आहे.

इंजिनाचे बोल्ट आणि नव्या बॉक्सचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते. तिची जाडी मनाने ठरवायची नसते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या पायलट बुशमध्ये नीट शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. तो बुश नव्या मापाचा करावा लागतो. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास फियाटच्या प्रेशर प्लेटला साजेसा आणि मधले दाते नव्या शाफ्टचे, अशी मिश्र प्लेट बनवून घ्यावी लागते. रिलीज बेअरिंगची उंची आणि क्लचची जोडणी पुन्हा जुळवावी लागते, आणि स्टार्टर रिंगला नीट लागतो का तेही पाहावं लागतं.

खरी मेख मध्यरेषेत आहे. क्रँकशाफ्टचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवेत. तपासायची रीत अशी : फ्लायव्हीलवर चुंबकाने डायल गेज चिकटवायचा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने सावकाश एक फेरा फिरवायचं. काटा जेवढा हलेल त्याच्या निम्मा फरक मध्यरेषेत आहे. काट्याची हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असली तर ठीक. जास्त असेल तर प्लेट सरकवून पिना पुन्हा बसवायच्या. हे न करता बोल्ट आवळले तरी गाडी पहिल्या दिवशी छानच चालते. मग हळूहळू क्लच थरथरतो, पायलट बुश झिजतो, इनपुट बेअरिंग ओरडू लागतं आणि दोष 'जुन्या गाडी'वर जातो.

पुढे प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा कापून, बॅलन्स करून घ्यायचा. गिअरबॉक्सचा कल आणि मागच्या अ‍ॅक्सलचा कल जुळला नाही तर ठरावीक वेगाला सगळी गाडी घुमते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणून काटाही खोटं बोलेल. तो दुरुस्त करून घ्या. फियाटला वेगळी चासी नाही, गिअरबॉक्सचा आधार पत्र्याच्या तळालाच लागतो. राई-मुर्ध्याच्या मिठागरांची हवा त्या पत्र्याला काय करते हे तुम्हाला सांगायला नको. आधी गाडी वर घेऊन, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून तळ तपासा.

आता मिळणार काय ते पाहू. चाकाचा परीघ १.८ मीटर आणि डिफरन्शियल ४.३ धरलं, तर ताशी ८० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३२०० फेरे घेतं. ०.८५ चा पाचवा गिअर आला की ते २७०० वर येईल. कानाला फरक नक्की जाणवेल. पण गायमुखच्या चढाला, चार माणसं बसलेली असताना, पाचवा काही उपयोगाचा नाही. तिसऱ्यावरच यावं लागेल. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी आरामात शंभरला जाऊ लागणं मला तरी सोयीचं वाटत नाही.

आणि गमवाल काय? स्टिअरिंगवरचा गिअर गेला की खाली तळ कापून दांडा काढावा लागतो. पुढचं सलग सीट आणि तिथे बसणारा तिसरा माणूस, दोन्ही गेले. (काळी-पिवळीत ड्रायव्हरच्या शेजारी दाटीवाटीने बसलेल्यांना ही सोय आठवत असेल.) कायद्याचीही बाजू आहे. तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो, पण चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. तळ कापलात तर त्या अर्जावर तुम्हीच पाणी सोडलं. अर्थात व्हीए नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यांपलीकडे रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर ती वाट तुमची नाहीच; मग नेहमीच्या नोंदणीवरच राहा आणि पत्रा कापण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

माझं मत विचाराल तर आधी जुनाच बॉक्स उघडा. या फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी थांबल्याशिवाय तो मुकाट पडणारच नाही. तो दोष नव्हे. पण बाकीचे गिअर अडकत असतील तर बहुतेक वेळा स्टिअरिंग कॉलमखालच्या लिंकेजचे बुश झिजलेले असतात. ते स्वस्तात होतं. तेल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. डिफरन्शियलचं जीएल-५ तेल पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं. स्टिअरिंगऐवजी खाली तळातूनच गिअरचा दांडा हवा असेल तर शेवटच्या काळातल्या पद्मिनीत कंपनीनेच तो दिला होता. तसा बॉक्स बेल हाउसिंगसकट मिळाला तर जुळवाजुळव कमी, पण गिअर चारच. भाईंदर-उत्तन आणि रविवारचा फेरफटका एवढ्यासाठी पाचव्याची गरज नाही. पुणे-नाशिक नियमित करणार असाल तरच जिप्सीचा बॉक्स शोधा, आणि जुना बॉक्स, लिंकेज, शाफ्ट तेल लावून गुंडाळून ठेवा, भंगारात देऊ नका.

त्या मेकॅनिकला मात्र एकच विचारा : डायल गेज आहे का? 'अंदाजाने बसवतो' असं उत्तर आलं, तर गाडी दुसरीकडे न्या.